वाळवंट चालत येत नाही

भूगोलाच्या तासाला सहारा शिकवताना मी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढायचो आणि सहाराच्या दक्षिण कडेवर खाली रोखलेले बाण मारायचो. बाण म्हणजे सरकणारं वाळवंट. उत्तरेकडून वाळू येते, आधी कुरणं गिळते, मग शेतं गिळते. तिला अडवायला झाडांची भिंत हवी, आणि तिला वाट करून देतात ते शेळ्यामेंढ्यांचे कळप आणि सरपणासाठी कुऱ्हाड चालवणारी माणसं. हे चित्र मुलांना चटकन कळायचं, उत्तरपत्रिकेत नीट उतरायचं. मलाही ते मनापासून पटलेलं होतं. आज पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर सांगायला हवं, कारण याच चित्रावर अजूनही वृक्षारोपणाच्या योजना बेतल्या जातात आणि धनगराला कुरणातून हाकलताना अजूनही हेच कारण पुढे केलं जातं.

या चित्राची परंपरा मोठी आहे. भारतात वनखात्यात नोकरी करून गेलेले एडवर्ड स्टेबिंग १९३० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत फिरले आणि १९३५ मध्ये त्यांनी सहारा पुढे सरकत असल्याचा इशारा देणारा लेख लिहिला. त्याला अडवण्यासाठी त्यांनी जंगलाचा पट्टाच सुचवला होता. लगेच इंग्रज आणि फ्रेंच वनाधिकाऱ्यांचा संयुक्त आयोग तिथे जाऊन आला. त्याला असं सरसकट आक्रमण कुठे दिसलं नाही, पण आयोगाचा अहवाल मागे पडला आणि इशारा लोकांच्या लक्षात राहिला. आपल्याकडे पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यातही राजस्थानचं वाळवंट वर्षाला सुमारे अर्धा मैल या वेगाने बाहेर पसरत असल्याचं लिहिलेलं आहे. तसं खरंच झालं असतं, तर एव्हाना किती जिल्हे वाळूखाली गेले असते याचा हिशेब कुणीही करावा.

माझ्या मताला पहिला तडा गेला तो सुदानच्या एका आकड्यामुळे. ह्यू लॅम्प्रे यांनी १९७५ मध्ये सुदानची पाहणी करून सांगितलं होतं की १९५८ पासून वाळवंटाची कड ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला आली आहे, म्हणजे वर्षाला साडेपाच किलोमीटर. हा आकडा मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितला. तो कसा निघाला हे वाचलं तेव्हा मी थबकलो. १९५८ च्या नकाशातली रेघ मुळात पावसाच्या सरासरीवरून आखलेली होती, आणि १९७५ ची पाहणी भीषण दुष्काळाच्या पाठोपाठ केलेली. एका टोकाला अंदाजाची रेघ, दुसऱ्या टोकाला दुष्काळात करपलेलं रान, आणि दोहोंमधलं अंतर म्हणजे वाळवंटाची चाल! स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या उल्फ हेल्डेन यांच्या गटाने त्याच मुलखात उपग्रहाची चित्रं आणि प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घातली, तेव्हा त्यांना अशी चाल आढळली नाही. पुढे कॉम्प्टन टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते १९९० या दहा वर्षांतली हिरवळीची कड उपग्रहातून मोजली. १९८४ च्या दुष्काळापर्यंत ती दक्षिणेला गेली होती, पाऊस बरा झाल्यावर पुन्हा उत्तरेला सरकली. माझ्या बाणांना फक्त एकच दिशा होती.

मग वाळवंट होतं कसं, हे मी स्वतःसाठी पुन्हा शिकलो. ते घडतं आकाशात. विषुववृत्तावरची तापलेली, बाष्पाने भरलेली हवा वर चढते, आपला पाऊस तिथेच टाकते आणि कोरडी होऊन दोन्ही बाजूंना पसरत तीस अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, आणि तिच्यात ढग धरत नाही. सहारा, अरबस्तान, ऑस्ट्रेलियाचा मधला भाग हे सगळे याच उतरत्या हवेखाली येतात. नामिब आणि अटाकामा तर समुद्राला लागून आहेत. पण शेजारून थंड प्रवाह वाहतो, त्याच्यावरची हवा वर उठत नाही. धुकं येतं, पाऊस येत नाही. गोबीला हिमालय आणि तिबेटचं पठार आडवं येतं. यात शेळीचा किंवा कुऱ्हाडीचा काही संबंध नाही. सहाराही कायमचा असा नव्हता. साधारण अकरा ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या काळात तिथे तळी होती, पाणघोडे होते, आणि सहारातल्याच तासिलीच्या कातळांवर माणसांनी गाईगुरांची चित्रं काढून ठेवली आहेत. पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्यामुळे उत्तर गोलार्धातलं उन्हाळी ऊन कमी होत गेलं, मोसमी पाऊस मागे हटला आणि सहारा सुकला.

आकाशाने ठरवलेली ही कड आजही हलते, हे मी नाकारत नाही. पावसाच्या नोंदींवरून पाहिलं तर १९२० पासून सहारा सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचं २०१८ च्या एका अभ्यासात मांडलेलं आहे. मात्र ती वाढ पाऊस घटल्याची आहे. तिथे वाळूने कुणाच्या शेतावर चाल केलेली नाही.

गुराख्याबद्दलचं माझं मत बदलायला जास्त वेळ लागला, कारण त्यामागे मोठं नाव होतं. हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांनी १९७५ मध्ये मांडलं की जनावरांनी जमीन चरून उघडी केली की ती फिकट होते, ऊन जास्त परतवते, वरची हवा थंडावून खाली उतरते आणि पाऊस कमी होतो. म्हणजे साहेलचा, सहाराच्या दक्षिणेला लागून असलेल्या कोरड्या पट्ट्याचा, दुष्काळ तिथल्याच लोकांनी ओढवून घेतला. मांडणी इतकी सुबक होती की मी ती आवडीने शिकवायचो. २००३ मध्ये आलेसांद्रा जियानिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की साहेलच्या पावसातले मोठे चढउतार महासागरांच्या पृष्ठभागाचं तापमान बदलल्याने होतात. उघडी जमीन त्यात भर घालते, पण मूळ कारण समुद्रात आहे. युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांतून निघालेल्या गंधकाच्या धुराने उत्तर अटलांटिक निवला आणि साहेलचा पाऊस दक्षिणेला सरकायला हातभार लागला, असंही संशोधन २००२ मध्ये पुढे आलं. ज्यांची गुरं माळावर मरून पडली, त्यांनाच आपण गुन्हेगार ठरवत होतो, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

माणदेशात एका म्हाताऱ्या धनगराला मी एकदा विचारलं होतं, मेंढरांनी माळ संपतो का. ते म्हणाले, "गुरुजी, मेंढरू वरचं खातं आन् म्होरं जातं. एका जागी थांबलं तर माळ संपणारच. पर आमाला थांबवतंय कोण? वाटा कुणी अडवल्या?" मग त्यांनी शेतात मेंढरं बसवायचं सांगितलं. रात्रभर कळप शेतात बसवला की लेंड्या आणि मुताने जमिनीला खत होतं, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. साहेलमध्ये फुलानी गुराखी आणि शेतकरी यांच्यात हाच व्यवहार चालत आला आहे. मी त्यांचं बोलणं तेव्हा ऐकून घेतलं, पण शिकवायचं तेच शिकवत राहिलो. त्याचा अर्थ नंतर लागला.

तरीही जमीन उजाड होते, ती डोळ्यांना दिसते. दहिवडीकडचं एक रान मला आठवतं. वळीव नुकताच धो धो पडून गेला होता, ओढ्याला तांबूस पाणी होतं. मी शेतात उकिडवा बसलो आणि नखाने माती उचकटली. वर भाकरीच्या पापुद्र्यासारखा थर सुटून हातात आला. गुळगुळीत, कडक, कडेने वळलेला. त्याच्याखाली बोटभर अंतरावर माती कोरडी ठणठणीत होती, फुंकर मारली तर उडेल अशी. एवढा पाऊस पडून एक थेंब आत गेला नव्हता. उघड्या जमिनीवर थेंब आपटतो, ढेकूळ फुटतं, बारीक कण छिद्रांत बसतात, वाळल्यावर त्याची खपली होते. पुढचा पाऊस त्या खपलीवरून घसरतो आणि जाताना चांगली माती घेऊन जातो. पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, पण मुळांना त्यातला किती मिळतो?

जमीन उजाड होण्याची गोष्ट माझ्यासाठी या खपलीत आहे. ती एका शेतात होते, शेजारच्या शेतात होत नाही. सहारापासून हजारो किलोमीटर दूर होते. १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वाळवंटीकरणाची जी व्याख्या आहे, ती कोरड्या, निमकोरड्या आणि कोरड्याकडे झुकणाऱ्या दमट प्रदेशांतल्या जमिनीच्या ऱ्हासाबद्दल आहे. खरंखुरं अतिशुष्क वाळवंट तिच्यात धरलेलंच नाही. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने २०१८-१९ ची पाहणी केली, तेव्हा देशात ९ कोटी ७८ लाख हेक्टर, म्हणजे जवळपास ३० टक्के जमीन या ऱ्हासाखाली आढळली. राजस्थानबरोबर महाराष्ट्रही तिथे वरच्या रांगेत आहे. आणि कारणांमध्ये पहिला क्रमांक पाण्याने होणाऱ्या धुपेचा आहे. वारा त्याच्या मागे आहे. वाळवंटाची भीती दाखवताना आम्ही सतत वाळूकडे बोट दाखवत आलो, आणि माती मात्र पावसाबरोबर निघून जात होती.

याकूबा सावादोगो यांच्याबद्दल वाचलं तेव्हा हे सगळं एकत्र आलं. बुर्किना फासोच्या यातेंगा भागातलं गुर्गा हे त्यांचं गाव. १९८० च्या सुमाराला, लोक गाव सोडून चालले असताना, त्यांनी दगडासारख्या झालेल्या जमिनीत उन्हाळ्यातच खड्डे घ्यायला सुरुवात केली. तिथे या खड्ड्यांना झाई म्हणतात. पद्धत वाडवडिलांचीच, त्यांनी खड्डा मोठा केला आणि त्यात शेणखत घातलं. खत खायला वाळवी येते, ती खाली बिळं करते, पहिल्या पावसाचं पाणी त्या बिळांतून खोल मुरतं. ज्वारी-बाजरी तर उगवलीच, खतातून आलेल्या बियांची झाडंही उगवली. त्यांनी ती राखली आणि तिथे जंगल उभं राहिलं. आधी लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, एकदा त्यांच्या झाडांना आगही लावली. त्यांच्यावरच्या माहितीपटाचं नाव 'वाळवंट थांबवणारा माणूस' अशा अर्थाचं आहे. मला ते नाव अपुरं वाटतं. त्यांनी वाळवंट थांबवलं नाही, आपल्या पायाखालची खपली फोडली.

शेजारच्या नायजरमधल्या मरादी भागात टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ रोपं लावून लावून थकले होते. बहुतेक रोपं मरायची. १९८३ मध्ये रस्त्यात गाडीच्या चाकांतली हवा कमी करायला ते थांबले, तेव्हा समोरच्या खुरट्या झुडपाकडे त्यांनी नीट पाहिलं. ते झुडूप नव्हतं. तोडलेल्या झाडाच्या जिवंत बुंध्याला फुटलेले धुमारे होते. अख्ख्या रानाखाली अशी जिवंत मुळं होती. त्यातले चार-दोन धुमारे ठेवायचे, बाकीचे छाटायचे, आणि राखण करायची, इतकंच काम होतं. दक्षिण नायजरमध्ये या रीतीने सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली. मरादीचा पाऊस माणदेशासारखाच, पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सीमेपलीकडे नायजेरियात पाऊस जास्त, तरी झाडं नायजरच्या बाजूला दाट दिसतात. त्यामुळे हे सगळं फक्त सुधारलेल्या पावसाचं श्रेय आहे, असं मी मानत नाही.

एक शंका मला बरेच दिवस छळत होती. हिवरे बाजार या गावात चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांनीच डोंगर हिरवा झाला, मग गुरं निर्दोष कशी? पण तिथे बंदी गावाने स्वतः ठरवली, गवत कापून न्यायची मुभा ठेवली, आणि गोठ्यातली जनावरं त्या गवतावरच जगली. जनावर गेलं नाही, त्याच्या चरण्याचा नियम बदलला. नियम करणाऱ्याला त्या डोंगराचा फायदा मिळणार होता, ही बाब मला बंदीइतकीच महत्त्वाची वाटते.

नायजरमध्येही हेच घडलं. फ्रेंचांच्या काळापासून झाड सरकारचं मानलं जायचं, शेतातलंसुद्धा. धुमारा मोठा होऊ दिला आणि पुढे फांदी तोडली की दंड. मग शहाणा शेतकरी धुमारा लहानपणीच कापायचा. १९८० च्या दशकात अधिकाऱ्यांनी कारवाई सैल केली, झाड आपलं आहे असा भरवसा लोकांना आला, आणि मग ती लाखो हेक्टर जमीन बदलली. आफ्रिकी संघाने २००७ मध्ये डाकार ते जिबूती अशी ८ हजार किलोमीटर लांबीची हिरवी भिंत जाहीर केली होती. आता तिचीही कल्पना गावोगावच्या जमिनी सुधारण्याकडे वळली आहे.

महाराष्ट्रात वृक्षतोडीबद्दलच्या १९६४ च्या कायद्याने बांधावरची कित्येक जातींची झाडं तोडायला परवानगी लागते. त्या काळी बेसुमार तोड थांबवायची होती आणि तो हेतू मला आजही मान्य आहे. तरी बांधावर आपसूक उगवलेलं रोपटं वखरताना मुद्दाम उपटणारे शेतकरी मी पाहिले आहेत; उद्या कागदपत्रं कोण करत बसणार, असं ते म्हणतात. शेतकऱ्याने स्वतः राखून वाढवलेल्या झाडावर त्याचा पूर्ण हक्क असावा, असं माझं आताचं मत आहे. पूर्वी मी याच्या अगदी उलट, कडक बंदीच्या बाजूने भांडलो असतो.

फळ्यावर बाण काढणं मी बंद केलं. आता मुलांना पहिल्या पावसानंतर शाळेमागच्या रानात नेतो, खपली उचकटायला सांगतो आणि ओल किती खोल गेली आहे ते मोजायला लावतो.