तसबिरीतली रजनी

‘‘अगं, ही तर आपली रजनी!’’

हातातलं लाटणं तसंच धरून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. साल १९९५. झी टीव्हीवर ‘हम पाँच’ नुकतीच सुरू झाली होती आणि आठ वर्षांची मी टीव्हीपुढे ठाण मांडून बसले होते. पाच मुली, त्यांचे वडील झालेले आपले अशोक सराफ, दुसरी बायको शोमा आनंद आणि भिंतीवरच्या फोटोत पहिली, वारलेली बायको. ती फोटोतूनच नवऱ्याशी बोलायची, टोमणे मारायची. मला तीच सगळ्यांत आवडायची. तिचं नाव प्रिया तेंडुलकर, हे मला त्या दिवशी कळलं. आईच्या लेखी मात्र ती रजनीच होती.

ज्यांनी १९८५ चं दूरदर्शन पाहिलं आहे, त्यांना रजनीची ओळख करून द्यायला नको. बासू चटर्जींची ही मालिका. साडीतली, कपाळावर मोठी टिकली लावलेली एक साधी गृहिणी. गॅस सिलिंडरची अडवणूक असो की टॅक्सीवाल्यांची मनमानी, ती सरळ जाब विचारायची. मुंबईतल्या टॅक्सीचालकांना त्यांच्यावरचा भाग इतका झोंबला, की त्यांनी निषेधाचा मोर्चा काढला. ग्राहक संरक्षण कायदा तेव्हा व्हायचा होता, तो १९८६ च्या डिसेंबरात आला. त्याआधीच रजनी घराघरांत पोचली होती. कुणी दुकानदाराशी हुज्जत घातली, की ‘आली मोठी रजनी’ असं म्हटलं जायचं.

आमच्या इंदूरच्या घरातही एक रजनी तयार झाली. आई तेव्हा नवी सून. सिलिंडर आणणारा माणूस दरवेळी वर पाच रुपये मागायचा आणि आजी मुकाट्यानं द्यायची. रजनीचा गॅसचा भाग पाहिल्यावर पुढच्या खेपेला आईनं मोजून पैसे पुढे केले आणि म्हणाली, ‘‘भैया, पर्ची में जितना लिखा है, उतनाही मिलेगा.’’ त्यानं सिलिंडर खाली जिन्यापाशीच सोडलं आणि तो चालता झाला. आईनं ते एकटीनं दोन मजले ओढत आणलं. आजी बोलली, ‘‘पाच रुपयांसाठी कंबर मोडून घेशील.’’ पुढच्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी मात्र आजी स्वतः खाली उतरली आणि त्याला म्हणाली, ‘‘बहू को पर्ची दो.’’ त्या दिवशी सिलिंडर वर आलं, त्यानंच आणलं. ही गोष्ट आई वर्षातून दोनदा तरी सांगायची.

पुढे पत्रकारितेची पदविका घेतली, लिहू लागले, तेव्हा रजनीच्या मागची प्रिया मला हळूहळू कळत गेली. विजय तेंडुलकरांची मुलगी. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘घाशीराम कोतवाल’ लिहिणाऱ्या नाटककाराच्या घरात १९५४ साली जन्मलेली. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर तिचे काका. अशा घरात जन्मलेल्या मुलीला सगळं आयतं मिळालं असणार, असं आपण सहज म्हणून टाकतो. प्रत्यक्षात तिनं पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेची नोकरी केली, हवाई सुंदरी म्हणूनही काम केलं. १९७४ साली श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’मध्ये अनंत नागच्या बायकोची छोटी भूमिका तिला मिळाली. मग ‘गोंधळात गोंधळ’, ‘थोरली जाऊ’ असे मराठी चित्रपट आले. ‘रजनी’ मिळाली, तेव्हा ती तिशी ओलांडून गेली होती.

मला तिचं खरं धाडस दिसतं ते वेगळ्याच ठिकाणी. ज्या घरात तेंडुलकर लिहीत होते, त्याच घरातल्या मुलीनं लेखणी हाती घेतली. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘पंचतारांकित’ ही तिची पुस्तकं आहेत. तुलना होणार, हे तिला माहीत नव्हतं थोडंच! तरीही तिनं लिहिलं. वडिलांनी लिहिलेल्या ‘स्वयंसिद्धा’ मालिकेत नायिकाही तीच झाली.

पडद्यावर दुसऱ्यांचे प्रश्न सोडवणाऱ्या प्रियाचं स्वतःचं आयुष्य मात्र अर्ध्या तासात सुटणारं नव्हतं. ‘रजनी’त तिच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या करण राजदानशी तिनं १९८८ मध्ये लग्न केलं, १९९५ मध्ये दोघं वेगळे झाले. म्हणजे फोटोतून नवऱ्याची फिरकी घेणारी बाई आम्ही हसत पाहत होतो, त्याच वर्षी तिचा संसार मोडला होता. पुढे तिला स्तनाच्या कर्करोगानं गाठलं. १९ सप्टेंबर २००२ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं ती गेली. अठ्ठेचाळीस पूर्ण व्हायला बरोबर एक महिना उरला होता.

ती बातमी आमच्या घरी आली, ती संध्याकाळ मी विसरू शकत नाही. मी पंधरा वर्षांची होते. बाबांनी मोठ्यानं बातमी वाचून दाखवली. आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. ‘‘कर्करोग होता तिला?’’ एवढंच तिनं विचारलं आणि ती आत गेली. मला वाटलं, आवडती नटी गेली म्हणून वाईट वाटलं असेल. रात्री आईबाबांच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळत होता. सकाळी बाबांनी कचेरीला दांडी मारली आणि ते आईला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

आईला पाच महिन्यांपूर्वीच गाठ हाताला लागली होती. तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. पाच रुपयांसाठी दोन मजले सिलिंडर ओढणारी माझी आई स्वतःच्या शरीराबद्दल घरात एक शब्द बोलू शकली नव्हती. ‘‘तुझी दहावी होती गं,’’ असं नंतर ती मला म्हणाली. मी तिच्यावर खूप रागावले. तो राग जायला मला काही वर्षं लागली. आजही तो पुरता गेला आहे, असं नाही.

शस्त्रक्रिया झाली, औषधोपचार झाले, केस गेले, पुन्हा आले. आई त्यानंतर सतरा वर्षं जगली. माझं लग्न तिनं पाहिलं, नातीला अंगाखांद्यावर खेळवलं. शेजारच्या, नात्यातल्या बायकांना गाठून ती म्हणायची, ‘‘दुखत नसलं, तरी दाखवून घे. माझ्यासारखी वाट बघू नकोस.’’ हे ती अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोलायची. मला संकोच वाटायचा, तिला वाटत नसे.

२०१९ मध्ये आई गेली. तिचा फोटो आता आमच्या बैठकीच्या खोलीत, दारासमोरच आहे. गेल्या महिन्यात सिलिंडर घेऊन आलेला मुलगा पावतीपेक्षा तीस रुपये जास्त मागू लागला. कामाची घाई होती, द्यावेत आणि मोकळं व्हावं, असं वाटलं. पर्समध्ये हात घातला आणि नजर फोटोकडे गेली. फोटो काही बोलला नाही. पण मी हात बाहेर काढला आणि म्हटलं, ‘‘पावती दाखव.’’

मुलगी आतून ओरडली, ‘‘आजी आली वाटतं!’’