नदीच्या खालच्या अंगाला

प्रवासवर्णन म्हटले, की वाचकांच्या डोळ्यांपुढे काश्मीरची सरोवरे किंवा रोमची महामंदिरे उभी राहतात. प्रस्तुत लेखकाजवळ तसले काही नाही. आमचा प्रवास बेळगावाहून निघाला आणि गोव्यातील दिवाडी बेटावर संपला. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरांचे आणि मुक्काम दोन रात्रींचा. तरी तो सांगावासा वाटतो, कारण एवढासा प्रवास करावयास आम्हांला नऊ वर्षे लागली.

दिवाडीस माझी आतेबहीण राहते. वयाने ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही तिला ताई म्हणतो. मुले परदेशी असल्यामुळे त्या मोठ्या घरात ती आणि भावोजी अशी दोघेच असतात. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात भेट झाली, तेव्हा "नाताळ झाला की येतो" असे मी तिला सांगितले होते. नाताळ गेला. मग "ईस्टर झाला की", मग "नातवंडांच्या परीक्षा झाल्या की", मग "पाऊस सरला की", असे माझे वायदे वर्षामागून वर्ष पुढे सरकत राहिले. दूरध्वनीवर महिन्या-दोन महिन्यांनी बोलणे होई आणि त्या बोलण्यानेच भेटीचे कर्तव्य पार पडले, असे मन मानून घेई.

सप्टेंबर अखेरच्या एका शुक्रवारी संध्याकाळी माझा धाकटा भाऊ हातात कुंद्याचा डबा घेऊन आला. त्याच्याकडे व्याही-विहीण येणार होते, ते ऐनवेळी रहित झाले. "दादा, आता हा कुंदा खायचा कोणी?" असे म्हणत त्याने डबा टेबलावर ठेवला.

माझी पत्नी सहज म्हणाली, "दिवाडीच्या ताईंना फार आवडतो. पाठवून द्या."

"पाठवायचा कशाला? घेऊनच जाऊ या. उद्याच!" भाऊ बोलून गेला.

क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि तिघेही हसू लागलो. विरोध करण्याजोगे एकही कारण त्या घटकेस मला सुचेना. माझी सारी कारणे योजनेला लागू पडणारी होती आणि येथे तर योजनाच नव्हती! रात्री नऊच्या आत पिशव्या भरल्या. ताईला कळविण्यासाठी मी फोन उचलला, तो पत्नीने अडविले. "आधी कळवाल, तर त्या पहाटेपासून चुलीपाशी उभ्या राहतील."

"आणि घरी नसल्या तर?"

"तर नदी पाहून परत येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पणजीच्या बसमध्ये बसलो. चोर्ला घाटाने जाणारा हा रस्ता जांबोटीनंतर दाट रानात शिरतो. पाऊस नुकताच ओसरत आला होता. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ चढले होते आणि कडेच्या ओघळांतून पाणी अजून खळखळत होते. कणकुंबीस बस थोडी थांबली. चहाचा पेला हाती घेऊन उभे असता माझ्यातील निवृत्त शिक्षक जागा झाला व मी भावाला भूगोल शिकवू लागलो.

ही कणकुंबी म्हणजे मलप्रभेचे जन्मस्थान. येथून निघालेली मलप्रभा खानापुरावरून पूर्वेकडे जाते, सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाच्या धरणात विसावते आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेस मिळून अखेर बंगालच्या उपसागरास पोचते. याच खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते. ती मात्र पश्चिमेची वाट धरते, गोव्यात उतरून मांडवी होते, दिवाडी बेटाला आपल्या प्रवाहांत वेढून घेते आणि अरबी समुद्रास मिळते. एकाच डोंगररांगेच्या अंगावर पडलेला पाऊस. पण पाणलोटाच्या अलीकडचा थेंब एका समुद्रात आणि पलीकडचा दुसऱ्या.

भाऊ म्हणाला, "म्हणजे आपण आणि ताई!"

त्याने ते थट्टेने म्हटले. पण घाट उतरताना ते शब्द माझ्या मनातून जाईनात. आमच्या घराण्याची एक जुनी कथा त्यांनी जागी केली होती.

आमची आत्या १९४९ साली दिवाडीस दिली. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज अंमल होता, तरी जाणे-येणे चाले. आगगाडी कॅसलरॉकवरून घाट उतरून जाई. १९५५ साली सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारत सरकारने सीमा बंद केली आणि ती वाहतूक थांबली. त्यापुढच्याच वर्षी, ऐन पावसाळ्यात, आमचे आजोबा वारले. आत्याला ते कळले तेव्हा दफन होऊन कित्येक दिवस लोटले होते. निरोपदेखील या हातातून त्या हातात, अशा आडवाटेने तिच्यापर्यंत पोचला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढल्या उन्हाळ्यात आत्या बारा वर्षांच्या ताईला घेऊन बेळगावास आली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. घरात पाऊल ठेवण्यापूर्वी ती दफनभूमीकडे गेली, हे मला स्पष्ट आठवते. ती रडली नाही. नुसती उभी राहिली आणि थोड्या वेळाने कबरीवरचे गवत उपटू लागली.

वळणावळणाने घाट उतरत असता खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसले; मग केरी, साखळी, डिचोली. डिचोलीस बस सोडून आम्ही रिक्षाने नार्व्यास गेलो. येथेच सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. हे दैवत कदंब राजांचे. त्याचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीज काळात ते तेथून हलले आणि नदीच्या या तीरावरील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला. दोन्ही तीरांवर नार्वे हेच नाव नांदते. माणसे काय, गावे काय, आणि देवालये काय, या नदीने किती जणांना अलीकडून पलीकडे जाताना पाहिले असेल!

धक्क्यावर फेरीबोट उभीच होती. मांडवीचे पाणी पावसाने अजून तांबूस होते. बेटाला अद्याप पूल नाही. तिकडे जायचे ते फेरीबोटीनेच, आणि म्हणून पलीकडे उतरताच आवाज एकदम कमी होतो. दोन्ही बाजूंना खाजनाची भातशेती पसरली होती. भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवणारे मातीचे बांध आणि त्या पाण्याची ये-जा राखणारे मानशीचे दरवाजे पिढ्यान्‌पिढ्या मनुष्याच्या हाताने सांभाळले गेले आहेत. एक बांध दुर्लक्षिला, की सारे शेत खारावते. हे वाक्य मला पूर्वी भावोजींनी ऐकविले होते. त्याचा निराळा अर्थ त्या दिवशी लागावयाचा होता.

ताई ओसरीवरच बसली होती. आम्ही पायऱ्या चढलो. तिने मान वर केली, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "कोण ते?"

मला वाटले, ती थट्टा करते आहे. "ताई, मी" एवढेच मी म्हणालो, आणि आवाज ऐकताच ती "आयलो रे!" म्हणून उठली. उठताना तिचा हात भिंत चाचपीत होता. तिची दृष्टी बरीच गेली होती. एका डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झाले होते, दुसऱ्याला फारसा उपाय उरला नव्हता. आणि आम्हांला यातले अक्षरही ठाऊक नव्हते. दर महिन्याला बोलणे होत होते, वाचकहो! पण फोनवर ती पावसाचे सांगे, भाताचे सांगे, नातवंडांचे विचारी. डोळ्यांचे तिने सांगितले नाही, आणि आवाजावरून डोळे दिसत नाहीत.

"कळवले का नाहीस?" पत्नीने कळवळून विचारले.

"कळवले असते, तर तुम्ही धावत आला असता. मला आजाऱ्याच्या समाचाराला आलेले पाहुणे नको होते. नुसते आलेले हवे होते."

त्या दुपारी स्वयंपाकघरात ताईला कोणी चुलीपाशी उभे राहू दिले नाही. उकड्या तांदळाची पेज, सुक्या मासळीची किसमूर आणि वर बेळगावचा कुंदा, असे ते विलक्षण जेवण आम्ही ओसरीवर बसून केले. भावाने दोन खिडक्यांच्या बिजागऱ्या नीट केल्या. पत्नीने कपाटातील औषधे निवडून प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत नावे चिकटविली. भावोजींनी मात्र मला शेताच्या बांधावर नेले आणि अर्धा तास अगदी मोकळेपणाने बोलले. आजारी माणसाची शुश्रूषा करणारालाही कोणाशी तरी बोलावे लागते, हे आपण किती सहज विसरतो!

संध्याकाळी ताई म्हणाली, "मला धक्क्यावर घेऊन चल." तिचा हात धरून मी तिला पाण्यापाशी नेले. दगडावर बसून ती नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून राहिली. तिला पाणी दिसत नव्हते. ती ऐकत असावी.

"आई रोज येथे बसायची," ती म्हणाली. "आजोबांचे कळल्यानंतर सहा वर्षे. लग्नात पाठवणीच्या वेळी आजोबांनी तिला सांगितले होते, की रडू नकोस, तुझ्या दारावरून वाहणारे पाणी आपल्याच तालुक्यातून येते. वाट बंद झाली तेव्हा तेवढेच काय ते तिकडून यायचे."

हे मी जन्मात प्रथमच ऐकत होतो. दफनभूमीतील गवत उपटणारी आत्या मला ठाऊक होती. धक्क्यावर बसणारी ठाऊक नव्हती.

ताई पुढे बोलली ते रागाने नव्हे, अगदी शांतपणे. "तेव्हा सीमेवर पहारा होता रे. आता कोणाचा पहारा आहे?"

मजजवळ उत्तर नव्हते. ज्या वाटेसाठी आमच्या आत्याने सहा वर्षे पाण्याकडे पाहत काढली, ती वाट नऊ वर्षे माझ्यापुढे उघडी होती. आणि मी नाताळ, ईस्टर, परीक्षा व पाऊस यांचे पहारेकरी स्वतःच नेमून घरी बसलो होतो. दरवाजा लावून घेणारा मीच, आणि लावलेल्या दरवाजाबद्दल हळहळणाराही मीच.

रविवारी टेकडीवरील देवमंदिरात मिस्सा ऐकली. अंगणातून चहूकडे हिरवी शेते, त्यापलीकडे नदी आणि पैलतीरी जुन्या गोव्यातील मंदिरांचे मनोरे दिसतात. ताईला मी एकेक सांगत गेलो व ती माझ्या चुका दुरुस्त करीत गेली. तिला सारे पाठ होते. शुभवर्तमानात पवित्र मरिया एलिझाबेथेच्या भेटीस डोंगराळ प्रदेशात निघाली ती लगबगीने निघाली, असे लूक सांगतो. ती तेथे सुमारे तीन महिने राहिली. आमचे दोनच दिवस. पण राहण्याच्या मुदतीपेक्षा त्या लगबगीचेच महत्त्व मला त्या सकाळी अधिक वाटले.

सोमवारी आम्ही दुसऱ्या बाजूच्या फेरीने जुन्या गोव्यास उतरलो. व्हाइसरॉयच्या कमानीखालून चालत गेलो व बाँ जेझूच्या मंदिरात थोडा वेळ बसलो. निघताना सवयीने मी ताईला म्हणालो होतो, "नाताळानंतर पुन्हा येतो हं." तिने माझा हात घट्ट धरला. "येतो म्हणू नकोस. ये."

अशा आकस्मिक भेटीचे काही साधे नियम आम्ही परतीच्या बसमध्ये ठरविले, ते वाचकांच्या उपयोगी पडतील. वृद्धांकडे जाताना खाण्याचे काहीतरी सोबत न्यावे आणि स्वयंपाक आपण करावा. एक-दोन रात्रींपेक्षा अधिक राहू नये, म्हणजे यजमान थकत नाही व आपणही. घरात काय मोडले आहे ते न विचारता पाहावे. जो बोलत नाही त्याला घेऊन थोडे फिरून यावे. ज्या घरी लहान मुले, परीक्षा किंवा नोकरीची धावपळ आहे, तेथे मात्र आधी कळविणेच शहाणपणाचे. आणि पैशांची अडचण हे कारण असेल, तर खरोखर हिशेब करून पाहावा. आमच्या तिघांच्या प्रवासाला एखाद्या साध्या लग्नाच्या आहेराइतकाही खर्च आला नाही.

बांध एकदाच बांधून भागत नाही, तो वरचेवर पाहून यावा लागतो, हे भावोजींचे शेतीचे शास्त्र. नात्यांनाही ते लागू पडते, एवढेच मी या प्रवासात शिकलो.

परवा, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, भाऊ पुन्हा दारात उभा राहिला. या खेपेस हातात डबा नव्हता. "दादा, उद्या शनिवार," एवढेच तो म्हणाला. पत्नी आत पिशवी भरू लागली होती.