माझगावचा भोंगा आणि उल्सानची क्रेन

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं बंदर आहे. तिथे ‘त्रिंकोमाली’ ही शिडाची युद्धनौका आजही पाण्यावर उभी आहे. तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून इंग्रज ती कौतुकाने, तिकीट लावून दाखवतात. ती बांधली आपल्या मुंबईत, १८१७ साली, मलबारी सागवानात, जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली.

अशी जहाजं मुंबईने एकामागून एक दिली. सुरतेहून लवजी वाडिया १७३६ साली इथे आले आणि १७५० मध्ये मुंबईची सुकी गोदी उभी राहिली. इथल्याच ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये चीनने नानकिंगच्या तहावर सही केली. इथल्याच ‘एशिया’वरून १८२७ मध्ये नवारिनोची लढाई लढवली गेली. खाली कोकणात, वाघोटणच्या खाडीत, विजयदुर्गाच्या आरमारासाठी कातळ फोडून केलेली गोदी होती. तिच्या खुणा आजही दिसतात. पुढे लोखंड आलं, वाफ आली, कायदे विलायतेच्या सोयीने झाले आणि सागवानाचं राज्य संपलं.

हा इतिहास मला फार उशिरा कळला. माझ्या लहानपणी जहाजबांधणी म्हणजे माझगाव डॉकचा भोंगा. सकाळी तो वाजला की गल्लीत सायकलींची रांग लागायची. डबे कॅरियरला, खाकी कपडे, नखांत वंगण. बहुतेक माणसं रत्नागिरीकडची. कुणी फिटर, कुणी वेल्डर, कुणी नुसताच ‘मदतनीस’. ‘मुलगा डॉकात परमनंट आहे’ एवढं सांगितलं की लग्नाच्या बोलणीत पुढचे प्रश्न कोणी विचारत नसे.

आम्ही पोरं भंडारवाड्याच्या टेकडीवर बाप्टिस्टा बागेत जाऊन बसायचो. तिथून गोदी तळहातावर दिसे. पत्र्याचा एक काळा सांगाडा महिनोन्महिने तसाच उभा असायचा आणि रात्री त्याच्या अंगावर वेल्डिंगच्या ठिणग्या चमकायच्या. ऑक्टोबर १९६८ मध्ये ‘नीलगिरी’चं जलावतरण इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. त्या दिवशी टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आराखडा ब्रिटिशांचा होता, बरीचशी यंत्रंही बाहेरची होती. पण स्वतंत्र भारतात बांधलेली ती पहिली मोठी युद्धनौका. १९७२ मध्ये ती आरमारात गेली. अंदमानला माणसं नेणारं ‘हर्षवर्धन’ही इथलंच. त्या काळात आरमाराबरोबर प्रवासी आणि व्यापारी जहाजांचंही काम गोदीत असे.

आपली जहाजं आपणच बांधायची, या आशेची सुरुवात आधीच झाली होती. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसाच्या सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघालं. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. दुसऱ्याच्या देशात बांधलेली जहाजं किती दिवस चालवायची, म्हणून वालचंदांनी १९४१ मध्ये विशाखापट्टणमला गोदी घातली. तिथून १९४८ च्या मार्चमध्ये आठ हजार टनांचं ‘जलउषा’ पाण्यात उतरलं, तेव्हा नेहरू हजर होते. दक्षिण कोरिया नावाचं राष्ट्र तेव्हा जन्मालाही यायचं होतं.

पुढची गोष्ट मात्र बोचते. एप्रिल १९७२ मध्ये कोचीन शिपयार्डची कोनशिला बसली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कोरियात उल्सानच्या रिकाम्या किनाऱ्यावर ह्युंदाईने कुदळ मारली होती. ह्युंदाईच्या चुंग जू-युंग यांच्याकडे ना गोदी होती, ना अनुभव. आपल्या देशातली पाचशे वॉनची नोट काढून तिच्यावरचं जुनं कासव-जहाज त्यांनी इंग्रजांना दाखवलं, असं सांगतात. एका ग्रीक मालकाने त्यांना दोन महाकाय तेलवाहू जहाजांचं काम दिलं. जून १९७४ मध्ये गोदीही पुरी झाली आणि अडीच लाख टनांवरची ती दोन जहाजंही. कोचीचं पहिलं जहाज ‘राणी पद्मिनी’ मालकाच्या हाती पडलं १९८१ मध्ये.

आमच्या माणसांचे हात कमी होते, असं म्हणायची माझी तयारी नाही. वेल्डिंगच्या शिवणीवरून बोट फिरवून दोष सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. फरक पडला तो ऑर्डरीत. उल्सानला एकापाठोपाठ एक जहाज मिळत गेलं, त्यामागे पोलाद आलं, इंजिनाचे कारखाने आले, स्वस्त कर्ज आलं, आणि सरकार पाठीशी उभं राहिलं. आमच्याकडे एक जहाज पाण्यात गेलं की दुसऱ्याची फाईल दिल्लीत फिरत असे. मधल्या काळात कारागीर आखातात निघून जाई. भट्टी रोज विझवून रोज पेटवायची, तर भाकरी कच्चीच राहणार.

आजची माझगावची गोदी पाहिली तर छाती फुगते, हेही खरं. १५ जानेवारी २०२५ ला ‘सुरत’, नवी ‘नीलगिरी’ आणि ‘वागशीर’ ही पाणबुडी अशा माझगावच्या तीन नौका एकाच दिवशी आरमारात दाखल झाल्या. जुनी नीलगिरी तीन हजार टनांच्या आतबाहेर, नवी साडेसहा हजारांवर. तिचा आराखडा आपल्या नौदलाचा, पोलाद आपलं. आता पत्रा पत्र्याला जोडत बसत नाहीत. मोठमोठे ठोकळे आधी तयार होतात आणि तीनशे टन उचलणारी गोलायथ क्रेन ते जागेवर नेऊन ठेवते. सायकली गेल्या, भोंग्याकडे कुणाचं लक्ष नाही, आणि ‘परमनंट’च्या जागी कंत्राटी माणूस आला. नव्या नौकेचं काम अचूक आहे. जुन्या गल्लीचं भाग्य मात्र तिच्याशी बांधलेलं उरलेलं नाही.

आणि व्यापारी जहाजं? जगातली निम्म्याहून जास्त जहाजं आज चीन बांधतो, आपला वाटा एक टक्क्याहूनही कमी. परदेशी जहाजांच्या भाड्यापोटी वर्षाला सहा लाख कोटी रुपये जातात, असं सरकारच सांगतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी पहिली रो-रो बोट २०२० मध्ये आली, ती ग्रीसमध्ये बांधलेली. तीही वाडियांच्याच मुंबईत!

मधे कोकणात आशा उगवली होती. जहाजबांधणीला मिळणाऱ्या तीस टक्के सरकारी अनुदानाच्या दिवसांत दाभोळ, रत्नागिरीला खासगी गोद्या गजबजल्या. २००७ मध्ये अनुदान संपलं, पाठोपाठ जगभर मंदी आली आणि कर्जाने काम थांबलं. गावातली पोरं पुन्हा मुंबईच्या गाडीत बसली.

आता पुन्हा वारा फिरला आहे. केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी जहाजबांधणीचं धोरण काढलं. कोचीने नॉर्वेला विजेवर चालणाऱ्या स्वयंचलित नौका बांधून दिल्या, फ्रान्सच्या सीएमए सीजीएम या जहाज कंपनीने सहा कंटेनर जहाजांसाठी तिला निवडलं. आणि एकेकाळी तिच्याबरोबर सुरू झालेली ह्युंदाई आज तिला तंत्र शिकवायला करार करून आली आहे. माझगाव डॉकने कोलंबोच्या गोदीत मोठा हिस्सा घ्यायचं ठरवलं, तेही २०२५ मध्येच.

म्हणून माझं मत सरळ आहे. चीनशी महाकाय टँकरमध्ये झुंजायला आज जाऊ नये. आपली शर्यत व्हिएतनाम आणि बांगलादेशाशी आहे; बांगलादेशाने २००८ मध्येच डेन्मार्कला जहाज विकलं होतं. किनाऱ्यावरची मालवाहू जहाजं, टग, फेरीबोटी, छोटी कंटेनर जहाजं इथे आपण दहा वर्षांत पुढे जाऊ शकतो. मात्र अनुदानाची रक्कम जाहीर करून भागणार नाही, काम सलग मिळालं पाहिजे. सुरुवात महाराष्ट्राने घरापासून करावी. कोकण किनाऱ्यावर चालणारी यापुढची प्रत्येक फेरीबोट आपल्याच गोदीत बांधून घ्यावी, आणि पहिली पाण्यात उतरायच्या आत दुसरीची ऑर्डर लेखी द्यावी.