पोस्टर कुणाचं, नाव कुणाचं?

"आजकालची पोरं वाचत नाहीत." रत्नागिरी जिल्ह्यात कुठेही चळवळीची बैठक असो, हे वाक्य चहाच्या आधी येतं. मग ठराव होतो की जयंतीला विशेषांक काढू. अंक निघतो. मुखपृष्ठावर बाबासाहेबांचा नेहमीचा फोटो, आत शुभेच्छुकांच्या जाहिराती, मग बारीक टाइपात सलग आठ-आठ पानांचे लेख. निम्मा गठ्ठा विहाराच्या कपाटात राहतो आणि पुढच्या बैठकीत आपण पुन्हा म्हणतो, पोरं वाचत नाहीत.

मला हे पटत नाही. चौदा-पंधरा वर्षांचं पोर एखादं पान आपल्यासाठी आहे की नाही, हे पहिली ओळ वाचायच्या आधीच ठरवतं. चेहरा, रंग, अक्षराचा आकार, आपल्याशी बोलण्याची ढब यावरून ठरवतं. ही गोष्ट सगळ्यात आधी ओळखली ती पॉप संगीताच्या मासिकांनी. त्यांच्या मांडणीबद्दल आपण बोलायला हवं. आपण मजकुरातली जात बरोबर हुडकून काढतो, पण मांडणीतही जात असते, तिच्याकडे बघत नाही.

नव्वदच्या दशकात मी रत्नागिरीत शाळेत होते. मराठीत निव्वळ पॉप संगीताचं मासिक माझ्या हाती कधी आलं नाही. आमचं पॉप म्हणजे सिनेमाची गाणी, आणि त्यांची मासिकं म्हणजे सिनेमासिकं. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर ती दोरीला टांगलेली असायची. नवा अंक परवडायचा नाही, म्हणून आम्ही मैत्रिणी वर्गणी काढून रद्दीतून जुने अंक आणायचो. मधल्या पानाच्या पिना नखाने वाकवायच्या, पोस्टर न फाडता सोडवून घ्यायचं आणि पिना पुन्हा सरळ करायच्या. घरात दर्शनी भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि रमाई. पोस्टरला जागा माझ्या ट्रंकेच्या झाकणाला, आतल्या बाजूने.

ही मांडणी आम्हाला का धरून ठेवायची, याचा पुढे कार्यकर्ती झाल्यावर विचार केला. मुखपृष्ठावरचा चेहरा सरळ तुमच्या डोळ्यांत बघतो. तो दूर व्यासपीठावर नसतो, हातभर अंतरावर असतो. आतला मजकूर तुकड्या-तुकड्यांत असतो: आवडता रंग, आवडता पदार्थ, लहानपणी कुणाचा मार खाल्ला. त्यामुळे तारा आणि वाचक यांच्यातलं अंतर मिटल्यासारखं वाटतं. वाचकांच्या पत्रांचं पान असतं, तिथे एखाद्या गावच्या मुलीचं नाव छापून येतं. आणि पोस्टर असतं, म्हणजे मासिकाचा एक भाग थेट तुमच्या घरात राहायला येतो. इंग्लंडमध्ये 1978 साली सुरू झालेल्या 'स्मॅश हिट्स'ने यात आणखी एक गोष्ट पक्की केली. चालू गाण्यांचे शब्द छापायचे. रेडिओवर अर्धवट कळलेलं गाणं पोरांना पूर्ण गाता यायला लागलं. वाचायचा कंटाळा असलेलं पोरही ते पान अक्षर न अक्षर वाचायचं.

म्हणजे चेहरा, गाणं, वाचकाचं स्वतःचं नाव आणि भिंतीवरची जागा. एवढ्या चार गोष्टींवर हा धंदा उभा होता.

आता दुसरी बाजू. माझ्या ट्रंकेच्या झाकणावरच्या एकाही चेहऱ्याचा रंग माझ्या आईसारखा नव्हता. पोस्टर सोडवून घेतल्यावर उरलेल्या अंकाच्या मागच्या पानावर गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात असायची. पुढचं पान सांगायचं, सुंदर कोण. मागचं पान सांगायचं, तू नाहीस, पण पैसे दिलेस तर बघू. हे कुठल्या लेखात लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तर आपल्या लोकांनी त्याला उत्तर दिलं असतं. मांडणीतून सांगितलेल्या गोष्टीला उत्तर देणं अवघड, कारण ती मतासारखी दिसतच नाही.

पण आमच्या घरात आणखी एक छापील वस्तू होती. वडील 6 डिसेंबरला चैत्यभूमीवरून येताना दादरला विकत घेतलेल्या भीमगीतांच्या पुस्तिका आणायचे. खरखरीत कागद, एक-दोन रंगांचं मुखपृष्ठ, आत गाण्यांचे शब्द. बऱ्याच गाण्यांच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या सिनेगीताचं नाव दिलेलं असायचं. या एका शब्दात किती हुशारी आहे बघा. पोराच्या कानात जी चाल आधीच बसली आहे ती घ्यायची आणि तिच्यावर आपले शब्द ठेवायचे. सुराचं ओळखीचं दार उघडून विचार आत आणायचा. लंडनच्या संपादकांना जे सुचलं ते आपल्या शाहिरांनी आणि पदपथावरच्या विक्रेत्यांनी आपल्या अक्कलेने केलं होतं.

आणि त्याच्याही आधी बाबासाहेबांनी. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला, त्याच्या शीर्षभागी तुकोबांचा अभंग होता. 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत' आलं, तिथे ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. यावर वैचारिक चर्चा भरपूर झाली आहे. मी तिच्याकडे मांडणी म्हणूनही बघते. ज्या समाजात अक्षर नुकतंच पोचत होतं, त्याच्या हाती वर्तमानपत्र देताना सगळ्यात वर असे शब्द ठेवले की ज्यांचा बाज कीर्तन-भजनातून लोकांच्या कानाला आधीच ठाऊक होता. एक जण वाचणार आणि दहा जण ऐकणार, हे ओळखून केलेलं ते पान होतं. पान कुणासाठी आहे हे पानाच्या डोक्यावरूनच कळायला हवं, हा धडा आपल्याला घरातूनच मिळालेला आहे.

दलित पँथरने 1972 साली ज्यांच्याकडून नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षालाही हे कळलं होतं. त्यांच्या वर्तमानपत्राची चित्रं आणि मांडणी एमरी डग्लस हा चित्रकार करायचा. पक्षात त्याचं पदच 'सांस्कृतिक मंत्री' असं होतं. जाड रेषा, मोठी चित्रं, कष्टकरी काळ्या बायका-मुलांचे चेहरे. ज्याला लेख वाचायला जमत नाही त्यालाही अंक कळला पाहिजे, हा आग्रह. त्याच काळात, 1971 साली, तिथे 'राइट ऑन!' नावाचं मासिक सुरू झालं. 'टायगर बीट' हे पोरवयीन मासिक काढणाऱ्या लॉफर कंपनीचंच ते, पण काळ्या पोरांसाठी. सुरुवातीला अंक जॅक्सन फाइव्हने भरलेला असायचा. कंपनीने ते क्रांतीसाठी काढलं नव्हतं, खपासाठी काढलं होतं. तरीही ज्या मुलीच्या भिंतीवर तोवर फक्त गोरे चेहरे होते, तिच्या भिंतीवर तिच्यासारखा चेहरा आला. बाजार हे करू शकतो. फक्त तो हिशेब त्याच्या हातात राहतो, आणि त्याच्या मनात येईल तेव्हा तो चेहरा काढूनही घेतो.

काढून घेतो म्हणजे काय, हे आपल्याकडे 2021 साली दिसलं. त्या वर्षी मार्चमध्ये 'एंजॉय एंजामी' हे तमिळ गाणं आलं. शब्द अरिवूचे, गायला तो आणि धी, संगीत संतोष नारायणन यांचं. अरिवू हा पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'मधला आंबेडकरी रॅपर. त्याची आजी वल्लीअम्माळ श्रीलंकेतल्या चहामळ्यांत राबलेली. राबणाऱ्याला जमीन का नाही, हा त्या गाण्याचा गाभा. ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'चं मुखपृष्ठ आलं. त्यावर धी होती आणि कॅनडातला तमिळ रॅपर शान व्हिन्सेंट डी पॉल होता. ज्या दोन गाण्यांचा गाजावाजा चालला होता, त्या दोन्हींच्या लेखनात अरिवू होता. मुखपृष्ठावर मात्र नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, देशभर चर्चा झाली आणि काही दिवसांतच मासिकाने अरिवूचं स्वतंत्र डिजिटल मुखपृष्ठ काढलं.

त्या वेळी बरेच जण म्हणाले, एका फोटोवरून एवढं काय? ज्याने असं म्हटलं त्याच्या घरातल्या पोराला आपला चेहरा मुखपृष्ठावर बघायची सवय असणार. पंधरा वर्षांचं पोर लेखाच्या आतलं श्रेय वाचत नाही. ते मुखपृष्ठ बघतं आणि गाणं कुणाचं हे ठरवून टाकतं. शब्द आपले, आजी आपली, जमीन नसण्याचं दुःख आपलं आणि चेहरा दुसऱ्याचा, हे एका पानात होऊन जातं.

इथपर्यंत आपण सगळे एका बाजूला आहोत. आता पुढचं बोलणं आपल्याच घरातलं आहे.

14 एप्रिलला रत्नागिरीत, चिपळूणला, दापोलीला लागणारे फ्लेक्स आठवा. बाबासाहेब कोपऱ्यात किंवा मागे ढगात. पुढे शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंच्या रांगा, गॉगलसकट. त्यात कवी नाही, कलापथकातला ढोलकीवाला नाही, दहावीत पहिली आलेली मुलगी नाही. आणि मिरवणुकीतला डीजे? वामनदादा कर्डकांपासून आपल्या कितीतरी शाहिरांनी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफलं. त्या नाममुद्रेला मी फक्त परंपरा मानत नाही. मोठा झाल्यावर मुंबईत अक्षरओळख झालेल्या माणसाने आपलं नाव गाण्यातच शिवून टाकलं, म्हणजे छापणाऱ्याने गाळलं तरी गाणाऱ्याच्या तोंडून ते येणारच. डीजेच्या मिक्समध्ये धृपद राहतं, ठोका राहतो आणि बहुतेक वेळा शेवटचं कडवं उडतं. कडव्याबरोबर नाव उडतं. मुखपृष्ठावरून अरिवू गेला त्याचा राग करायचा आणि आपल्या मिरवणुकीतून वामनदादा गेले ते कानावरून जाऊ द्यायचं, हे चालणार नाही.

गेल्या वर्षी आमच्या वाडीतल्या विहारात आठवी ते बारावीच्या पोरांना मी एक कोरा कार्डशीट आणि स्केचपेनं दिली आणि सांगितलं, भीमगीतांचं भित्तिपत्रक तुम्ही काढा, मोठी माणसं हात लावणार नाहीत. पोरांनी गाण्यांच्या नावांखाली गायकाचं नाव लिहिलं, मग कवीचं नाव शोधायला लागली. नेटवर अनेक गाण्यांना ते सापडेना. नववीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, आपल्या वाडीच्या कलापथकातलं ते गाणं कुणाचं गो?" ते वाडीतल्याच एका आजोबांचं होतं. मुंबईला गोदीत नोकरी करताना त्यांनी लिहिलेलं. वाडीला धृपद पाठ होतं, शेवटचं कडवं कुणालाच नाही. पोरं त्यांच्या ओटीवर जाऊन बसली, कडवं लिहून घेतलं, मोबाईलवर त्यांचा फोटो काढला. भित्तिपत्रकावर तोच फोटो सगळ्यात मोठा लावला, सरळ डोळ्यांत बघणारा. बाजूला चार प्रश्न: आवडती भाजी कुठली, पहिलं गाणं कधी सुचलं, कुणाची भीती वाटायची, आता काय ऐकता. खाली ते शेवटचं कडवं, नावासकट.

एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारलं, "कार्डशीटचे पैसे देणाऱ्याचा फोटो खंय?" पोरांनी त्यांचं नाव खाली बारीक अक्षरांत लिहिलं. आठवडाभर त्या भिंतीसमोर पोरं उभी राहून वाचत होती. 'वाचत नाहीत' म्हणतात तीच.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो गंभीर आहे. ताई, ही पोस्टरबाजी म्हणजे व्यक्तिपूजाच ना? 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं बजावलं होतं. ते मला पूर्ण मान्य आहे. पण मग आजच्या फ्लेक्सचं काय करता? व्यक्तिपूजा तिथे आधीच आहे, फक्त चुकीच्या व्यक्तीची. पंजाबच्या गिन्नी माहीने 'फॅन बाबासाहेब दी' म्हणून गायलं तेव्हा काहींना 'फॅन' शब्द खटकला. मला वाटतं, फॅन असणं हा पोरांच्या वयाचा दोष नाही, दरवाजा आहे. बाजार त्या दारात क्रीम घेऊन उभा राहतो. आपण गाण्याचे शब्द, लिहिणाऱ्याचं नाव आणि पोराला स्वतः लिहायला कोरी जागा घेऊन उभं राहायचं. भक्ताला फक्त बघायला जागा असते. ज्याला लिहायला जागा मिळते तो भक्त राहत नाही, त्याला प्रश्न पडायला लागतात.

म्हणून येत्या जयंतीसाठी माझ्या मागण्या साध्या आहेत. विशेषांकाची चार पानं पोरांच्या ताब्यात द्या, मांडणीसकट. प्रत्येक गाण्याखाली कवी, गायक आणि वादक यांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत छापा. मधलं पान पोस्टरचं ठेवा, आणि त्यावर रमाईंच्या वणंदची एखादी आजची मुलगी असू द्या किंवा तुमच्या वाडीतला म्हातारा शाहीर. डीजेवाल्याला सुपारी देतानाच सांगा, शेवटचं कडवं वाजलंच पाहिजे. आणि शुभेच्छुकांचे फोटो? त्यांना मागच्या पानावर जागा द्या. तिथे पूर्वी क्रीमची जाहिरात असायची.

जयभीम!