कापसाच्या वाटेने मुंबई

जळगाव,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

चि. मेघा,


तुझी यादी मिळाली. गेटवे, घारापुरी, राणीची बाग, नेहरू विज्ञान केंद्र, हँगिंग गार्डन, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू चौपाटी, आणि जमलं तर फिल्मसिटी. शनिवार-रविवार दोन दिवस, त्यात सोबत दोन पोरं आणि तुझ्या सासूबाई. ही यादी तू केलेली नाहीस, सासूबाईंच्या 'बठ्ठी मुंबई दखाडा' या आज्ञेने केली आहे, हे मला कळतं. पण या यादीने तुम्हाला टॅक्सीचा मीटर दिसेल, मुंबई दिसणार नाही. रविवारी रात्री गाडीत बसल्यावर धाकट्याला विचारलंस की काय पाहिलं, तर तो सांगेल, ट्रॅफिक.

म्हणून मामा या नात्याने यादीला कात्री लावतो आहे. राग मानू नकोस.

आधी तारीख. जावईबापूंची बँक दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. जानेवारीतला चौथा शनिवार २६ जानेवारीच्या आसपास येतो. त्या सुट्टीला जोडून निम्मा महाराष्ट्र बाहेर पडतो, तेव्हा तो सोड. तिसऱ्या रविवारी मुंबईत मॅरेथॉन असते, सकाळभर दक्षिण मुंबईचे रस्ते अडवलेले असतात. राहिला दुसरा शनिवार, संक्रांतीच्या तोंडावरचा. तोच धरा. रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे त्या तारखेचं उघडून बरेच दिवस झाले. आजच्या आज जावईबापूंना मोबाइल घेऊन बसव. तत्काळच्या भरवशावर म्हातारं माणूस घेऊन निघायचं नसतं.

धुळ्याहून चाळीसगावला या आणि तिथून रात्रीची गाडी धरा, म्हणजे सकाळी मुंबईत. चाळीसगावला दिवसाउजेडी पोचलात तर स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे. मुंबईत जन्मलेला, लंडनला शिकून आलेला हा पारशी कलावंत चाळीसगावी परतला आणि १९८९ साली जाईपर्यंत जवळपास घराबाहेर पडलाच नाही. टेबलावर खेळणी, काड्या, कापूस मांडून त्याने अख्खे देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो काढले. मुंबई बघायला निघालेल्या पोरांना मुंबई सोडून आलेला माणूस आधी भेटला तर बरंच. उघडं असल्याची आधी चौकशी मात्र कर.

स्वेटर धुळ्याच्या थंडीसाठी आणि फार तर इगतपुरीपर्यंत. तिथे घाट उतरण्याआधी गाडी थांबते आणि खिडकीतून बोचरा वारा येतो. मुंबईत दुपारी घाम पुसाल. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहावर उतरल्याची बातमी वाचून मुंबईकर 'काय थंडी पडलीय' म्हणतात आणि पंखा दोनवरून एकवर करतात.

आता खरं बोलतो. माझी उमर पणन महासंघाच्या केंद्रांवर कापसाची प्रतवारी करण्यात गेली. रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब ते बघायचं, कवडी किती, पिवळेपणा किती ते सांगायचं. त्यामुळे मी मुंबईला गेलो की मला तिथे कापूसच दिसतो. तू हसशील. पण दोन दिवसांत एवढं मोठं शहर बघायचं तर हातात एकच धागा धरावा लागतो, आणि खान्देशातल्या माणसाच्या हाती याच्याइतका लांब धागा दुसरा नाही.

तुमच्या धुळ्यावरून जो आग्रा रोड जातो ना, त्याच रस्त्याने रेल्वे येण्याआधी आपल्याकडचा कापूस बैलगाड्यांनी थळ घाट उतरून भिवंडीकडे जायचा. भिवंडीहून पुढे होडीने मुंबई. पावसाळ्याआधी पोचला नाही तर भिजून वाया. घाटातून रेल्वे नीट सुरू झाली ती १८६५ साली, आणि तेच वर्ष मुंबईच्या कापसाचं मढं निघाल्याचं. झालं असं की १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंदरातच अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या. त्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. खान्देश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड, मिळेल तिथला कापूस मुंबईच्या गोदीत. भाव असे चढले की गाद्यांमधला जुना कापूस काढून विकल्याच्या गोष्टी सांगतात. शेतकऱ्याने बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याचीही गोष्ट सांगतात. ती मात्र मला व्यापाऱ्याने रचलेली वाटते. चार पैसे कुणब्याकडे आले असतील, पण चांदीच्या धावांची गाडी कुणब्याला परवडली असती तर पुढल्या सालांत तो सावकाराच्या ओट्यावर दिसला नसता.

खरा पैसा मुंबईत साठला आणि साठलेल्या पैशाला खाज सुटली. समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपुढे गेला. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं, ती बातमी मुंबईला पोचली आणि भाव कोसळले. १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली तेव्हा बाजारात कोणी कोणाला ओळखेना. दुसऱ्याचं युद्ध लांबो, अशी मनोमन इच्छा करणारं ते शहर होतं. हे पोरांना सांगू नकोस, मोठी झाल्यावर त्यांना आपोआप कळेल.

हे सगळं अजून उभं आहे, बघता येतं, आणि बरंचसं फुकट. म्हणून क्रम असा ठेव.

शनिवारी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतराल. सामान अमानत घरात टाका, बॅगांना कुलपं हवीत. बाहेर या, रस्ता ओलांडा आणि मागे वळून बघा. स्टेशनातून बाहेर पडताना स्टेशन दिसत नाही. १८८८ साली पुरी झालेली स्टीव्हन्स साहेबाची ही इमारत, घुमटावर मशाल घेतलेली बाई. आपला माल वाहून ज्या रेल्वे कंपनीने पैसा केला, तिचं हे मुख्य कार्यालय. पोरांना घुमटावरची बाई शोधू दे.

मग हार्बर लाइनची लोकल पकडून कॉटन ग्रीन. रविवारी हा बेत करू नका, कारण हार्बरला बहुतेक रविवारी मेगाब्लॉक असतो. शनिवारी गाड्या धावतात, आणि तुम्ही शहराबाहेर जाणार असल्याने सकाळची गर्दी समोरच्या बाजूला. कॉटन ग्रीनला स्टेशनाजवळच कॉटन एक्स्चेंजची इमारत आहे. आत जायचं काम नाही, बाहेरूनच बघा. आपल्याकडे आपण क्विंटलमध्ये बोलतो, रुईच्या बाजारात अजून खंडीचा भाव चालतो, आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. मोठीला सातवीत भागाकार आहेत ना? एक गाठ १७० किलोची, तर खंडीत गाठी किती, हे तिला गाडीत सोडवू दे. उत्तर पूर्ण अंकात येणार नाही, ती चिडेल.

पुढचंच स्टेशन शिवडी. हिवाळ्यात तिथल्या खाडीच्या चिखलात रोहित पक्षी येतात. ओहोटीला ते लांब पांगलेले असतात, भरतीचं पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात, म्हणून त्या दिवशी भरती किती वाजता हे आधी बघ आणि कॉटन ग्रीन त्याच्या अलीकडे-पलीकडे बसव. भरती भलत्याच वेळी आली तर शिवडी सोडून दे, हट्ट नको. अटल सेतू झाल्यापासून पूर्वीएवढे पक्षी दिसत नाहीत असंही तिकडची माणसं म्हणतात. ऐरोलीहून खाडीत बोटीने नेतात, पण ते वेगळ्या सहलीचं काम.

दुपारी पोरांचं राज्य. राणीची बाग की विज्ञान केंद्र, दोन्हींपैकी एक. पेंग्विनसाठी धाकटा रडेल हे मला ठाऊक आहे, पण शनिवारी तिथली रांग मोठी असते. माझं मत विज्ञान केंद्र. २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो कुलाब्याकडच्या टोकापर्यंत पूर्ण सुरू झाली, तिचं एक स्टेशन सायन्स सेंटर आणि त्याच मार्गावर सिद्धिविनायक. म्हणजे संध्याकाळी सासूबाईंचं दर्शनही टॅक्सीवाल्याशी न भांडता होतं. मेट्रोचे सरकते जिने मात्र लांबलचक आहेत. सासूबाईंचा हात धर, साडीचा काठ सांभाळ.

घारापुरीवर मी काट मारली आहे. होडीतून जायला तासभर, यायला तासभर, वर पायऱ्या. साठ किलोमीटरवर अजिंठा असलेल्या जळगावच्या माणसाने आणि उशाशी पितळखोरे असलेल्या चाळीसगावकराने लेणी बघायला मुंबईला जायचं? शेजारपाजाऱ्यांना काय सांगशील? फिल्मसिटीचं तर नाव काढू नकोस.

रविवार फोर्टाचा. कचेऱ्या बंद असल्याने रस्ते मोकळे असतात, नेमक्या त्याच कारणाने खायची ठिकाणंही बरीच बंद असतात. म्हणून कळण्याच्या पुऱ्या आणि ठेचा बरोबर असू दे. लाज कसली. हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसून खा. तुम्ही बसाल त्या जागेला पूर्वी मुंबईचं ग्रीन म्हणत, आणि तिथे कापसाच्या गाठींचे डोंगर रचलेले असायचे. फोर्टातल्या लोकांना जाच होऊ लागला, तेव्हा १८४४ साली कापूस कुलाब्याला हलवला. तिथून पुढे विसाव्या शतकात तो शिवडीकडे गेला, जिथे तुम्ही आदल्या दिवशी जाऊन आलेले असाल. समोर १८३३ चा टाउन हॉल, एशियाटिकचा, पांढऱ्या खांबांचा.

तिथून चालत ओव्हल मैदान. रविवारी तिथे इतके क्रिकेटचे डाव चाललेले असतात की कोणता चेंडू कुणाचा ते खेळणाऱ्यांनाही कळत नाही. पोरं रमतील. तू पूर्वेला बघ, राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरच्या राजाने युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाला आणि टॉवरला मिळून चार लाख रुपये दिले आणि टॉवरला आईचं नाव द्यायला सांगितलं. १८६५ च्या पडझडीत तो स्वतः बुडाला. टॉवर पुरा झाला १८७८ साली. म्हणजे तेजीतला पैसा, मंदीत चढलेला दगड. आईला दिसत नव्हतं, घंटेवरून तिला दिवस मावळायच्या आधीच्या जेवणाची वेळ कळावी म्हणून मुलाने हे केलं, अशी कथा सांगतात. सासूबाईंना ही नक्की सांग. आणि मग पश्चिमेला वळ. गोल कोपऱ्यांच्या, रंगीत पट्ट्यांच्या आर्ट डेको इमारती, विसाव्या शतकातल्या. कधीकाळी समुद्र या मैदानाच्या जवळ होता, त्या इमारती भरावावर आहेत. दोन्ही बाजू मिळून २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. एकाच जागी उभं राहून मान फिरवली की साठ वर्षं पुढे.

ससून डॉक मी मुद्दाम सांगत नव्हतो. १८७५ चा, कापसाच्या व्यापारासाठीच बांधलेला, आज मासळीचा. सासूबाई माळकरी. बसमधून लांबून दाखव आणि पुढे निघ.

गेटवेला दहा मिनिटं पुरेत, फोटोसाठी. वेळ उरला तर वस्तुसंग्रहालय, नाहीतर मरीन ड्राइव्हवर पाय लांब करून बसा.

एक सांगायचं राहिलं. तिथे पोरांसमोर 'ही मुंबई आपल्या कापसावर उभी' असं छातीठोक बोलू नकोस. वऱ्हाडवाले, गुजरातवाले, धारवाडवाले भांडायला उठतील, आणि त्यांचं खरं असेल. त्यापेक्षा लालबाग-परळवरून जाताना गिरण्यांच्या चिमण्या दाखव, ज्या अजून उरल्या असतील त्या. कापूस आपला, सूत काढणारे हात कोकणातले आणि घाटावरचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्या हातांचं काम गेलं ते गेलंच. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. आपल्या जळगावच्या खान्देश मिलच्या जागेवरही खान्देश सेंट्रल उभं आहे, तिथे तू मागच्या दिवाळीत मला घेऊन सरकत्या जिन्यावर फोटो काढलास. मी त्या फोटोत नीट हसलेलो नाही, ते यामुळे.

मुक्कामाचं. कल्याणच्या मावशीकडे उतरलात तर प्रेम भरपूर, पण रोज येता-जाता लोकलमध्ये अडीच तास. शनिवारच्या रात्रीपुरती दादर नाहीतर फोर्टाकडे साधी खोली घ्या. मावशी रुसेल, तर तिलाच रविवारी सकाळी लवकर फोर्टात बोलव. इतकी वर्षं कल्याणला काढून तिने हॉर्निमन सर्कलची बाग पाहिली असेल तर मी मिशा काढीन. पुऱ्या मात्र तिच्या हिशेबाने जास्त घे.

तुझ्या सासूबाईंना खालचाच बर्थ मिळेल असं बघा. आणि त्यांना ही कात्री लावलेली यादी तू दाखवू नकोस, जावईबापूंकडून दाखव. मुलाने सांगितलेलं आया ऐकतात.

तुझा,
नानामामा

ता. क. रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी शनिवारच्या पेपरात येते. मेन लाइनलाही ब्लॉक असला तर मावशीला दहाच्या आत निघायला सांग. ती दहाला वेणी घालायला घेते.