परक्याचें शिरस्त्राण

कोणाला पोस्टाच्या तिकिटांचा नाद असतो, कोणाला अडकित्त्यांचा. मला जर्मन सैनिकांच्या शिरस्त्राणांचा आहे, हें सांगतांना मी अजूनहि किंचित् ओशाळतों. माझ्या अभ्यासिकेंत तीं चार आहेत. त्यांच्यामुळें आमच्या गृहिणीनें दिवेलागणीनंतर त्या खोलींत येणें सोडलें आहे.

चारांपैकीं तीन विकत घेतलेलीं. त्यांच्याविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. चौथें माझ्या आजोळचें. आईचे वडील मराठा पलटणींतून इटालींत लढले आणि युद्ध संपल्यावर परतले, ते ट्रंकेंत हा टोप घेऊन. सातारा जिल्ह्यांतल्या त्या घरीं आजीनें त्यांत वर्षानुवर्षें कोंबड्यांना पाणी ठेवलें. (युद्धानंतर खुद्द जर्मनींतहि अशा टोपांना भोकें पाडून चाळण्या केल्या गेल्या, हें पुढें वाचलें तेव्हां आजीविषयींचा माझा आदर दुणावला.)

संग्राहकांची जात मोठी चमत्कारिक. बाजूला चिकटवलेल्या चिन्हावर त्यांचा सारा जीव. एस्.एस्. दलाची खूण असली कीं किंमत आकाशाला भिडते, म्हणून बनावट खुणांचाहि सुकाळ. माझी नजर जाते ती आंत. तेथें कडेवर कारखान्याचें चिन्ह व पोलादी कवचाचें माप ठोकलेलें असतें. आजोबांच्या टोपावर 'ई टी' आणि ६४ आहे. म्हणजे तो हार्झ पर्वताच्या पायथ्याशीं थाले येथें घडला, आणि ५६ किंवा ५७ सेंटिमीटर घेराच्या डोक्यासाठीं. माझें डोकें ५७ चें. एका रात्रीं दार लावून मीं तो घालून पाहिला; आरशासमोर मात्र गेलों नाहीं.

गंज उतरवतां उतरवतां मागच्या बाजूस पांढऱ्या रंगांतलीं अक्षरें दिसूं लागलीं. एक नांव, आडनांव आपल्याकडील जाधवांइतकें सार्वत्रिक. जर्मन युद्धसमाधींची निगा राखणाऱ्या फोल्क्सबुंड या १९१९ सालच्या संस्थेच्या यादींत त्या नांवाचे कितीतरी मृत निघाले. त्यांतला एक फ्लॉरेन्सच्या उत्तरेस, फूटा खिंडींतल्या दफनभूमींत आहे. तेथें तीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक पुरले आहेत. मृत्यु जुलै १९४४. वय वीस. त्याच महिन्याच्या १० तारखेस टायबरच्या वरच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे धारातीर्थीं पडले व व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. आजोबाहि त्या सुमारास त्याच मुलुखांत होते.

मग बर्लिनच्या सरकारी दफ्तरखान्याकडे अर्ज केला. उत्तरांत त्याच नांवाचा, इटालींतच लढलेला आणखी एक निघाला: युद्धकैदी झालेला, १९४६ सालीं सुटून घरीं गेलेला. टोप दोघांपैकीं कोणाचा, हें ठरवण्यास साधन नाहीं. तिसऱ्याचाहि असूं शकेल. पुराव्याआधीं निकाल देऊं नका, असें वर्गांत मी मुलांना तीस वर्षें बजावीत आलों; आणि येथें गेले सहा महिने मी त्या दुसऱ्याच्या बाजूनेंच पुरावा हुडकीत आहें.

परवां आईला हें सारें सांगितलें. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आबा त्या भांड्याला कधीं हात लावत नसत. पाणी संपलें तर आईला हांक मारायचे."

थोड्या वेळानें तिनें विचारलें, "त्या वीस वर्षांच्या पोराचें नांव काय म्हणालास?"

मीं वाचून दाखवलें. तिनें तें दोनदां उच्चारून पाहिलें. तिला तें जमेना.