खाली बघेपर्यंत

कड्याच्या टोकाशी जमीन संपते, पण कायोटी थांबत नाही. रोडरनरच्या मागे तो तसाच धावत सुटतो, थेट हवेत. चार-सहा ढांगा टाकल्यावर काहीतरी चुकल्यासारखं त्याला वाटतं. पाय थबकतात. एक पंजा हळूच खाली चाचपून बघतो. हाताला काही लागत नाही. मग तो मान वळवून आपल्याकडे बघतो. पडद्याबाहेर मांडी घालून बसलेल्या आपल्याकडे, अगदी डोळ्यांत डोळे घालून. कान पडतात. आणि मगच तो कोसळतो. कधीकधी आधी धड निघून जातं, मान लांबत लांबत जाते आणि डोकं मागाहून रवाना होतं. आपण वरूनच बघत असतो. खूप खाली, दरीच्या तळाशी, धुळीचा इवलासा लोट उठतो.

शाळेत होतो तेव्हापासून हा एकच विनोद मी बघत आलोय आणि अजूनही हसतो. फक्त कशाला हसतोय, ते दर काही वर्षांनी बदलत गेलं.

१९९५ च्या मे महिन्यात भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं. मी तेव्हा दहा वर्षांचा, मिरजेत. त्याआधी कार्टून म्हणजे रविवार आणि दूरदर्शन: मोगली, डकटेल्स, टेलस्पिन, सगळं हिंदीत. केबलवाल्याने आमच्या आळीत वायर ओढली आणि दिवसभर कार्टून हा प्रकार पहिल्यांदा घरात शिरला. रात्री तेच चॅनल जुने इंग्रजी सिनेमे दाखवायचं, मग टीव्ही मोठ्यांच्या ताब्यात जायचा. पण दिवसाचा कार्यक्रमही सगळा इंग्रजीतच. मराठी शाळांत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं, म्हणजे आमची गाडी एबीसीडीवर. स्कूबी-डू आणि त्याची मित्रमंडळी काय बडबडतात ते आमच्या डोक्यावरून जायचं. टॉम-जेरी आणि रोडरनर मात्र सरळ आमचे झाले, कारण तिथे कुणी बोलतच नव्हतं.

बोलायचे ते आमचे आबा. एसटीतून रिटायर झालेले, बातम्यांसाठी टीव्हीसमोर येऊन बसायचे आणि बातम्या लागेपर्यंत आमच्याबरोबर कार्टून बघायचे. कायोटीला ते कोल्हा म्हणत. आपल्या गोष्टींतला कोल्हा दुसऱ्याला टोपी घालतो. हा मात्र दर वेळी स्वतःच्याच सापळ्यात सापडतो, याची आबांना फार हळहळ. तो कड्यावरून पुढे गेला की ते खुर्चीत पुढे सरकायचे. "अरे लेका, खाली बघू नकोस! चालत राहा तसाच!" तो बघायचा, पडायचा, आणि आबा मागे टेकून निकाल द्यायचे, "जमीन नव्हती म्हणून नाही पडला. बघितलंन् म्हणून पडला."

आम्ही भावंडं त्याआधीच हसायला लागलेलो असायचो. पडल्यावर नाही, पडायच्या आधी. आज वाटतं, खरी मेख त्यातच होती. दहा वर्षांच्या पोराला घरातली प्रत्येक गोष्ट सगळ्यात शेवटी कळते. पाहुणे का कुजबुजत होते, काकांचं काय बिनसलं, आपण खोलीत शिरल्यावर मोठ्यांचं बोलणं का थांबलं, काही कळायला मार्ग नसतो. टीव्हीसमोर मात्र उलटं व्हायचं. पायाखाली जमीन नाही हे मला आधी कळायचं आणि पडद्यावरच्या एका मोठ्या, दात विचकणाऱ्या प्राण्याला नंतर. तो क्षणभराचा पुढावा हीच त्या विनोदाची गंमत होती. पडणं ही नुसती पावती.

पुढे पुण्यात इंजिनीअरिंगला गेलो. तिथे होस्टेलच्या एका दारावर कार्टूनमधले भौतिकशास्त्राचे नियम छापून चिकटवलेले होते. मार्क ओडॉनेल या विनोदी लेखकाने ते १९८० साली 'एस्क्वायर' मासिकात लिहिले आणि पुढे इंटरनेटवरून हातोहात पसरले. भिंतीतून आरपार गेलेल्याच्या आकाराचं भोक भिंतीत राहतं, हा त्यातला एक. पहिलाच नियम असा, की अधांतरी असलेली वस्तू आपल्या अवस्थेची जाणीव होईपर्यंत अधांतरीच राहते. थोडक्यात, मिरजेच्या खुर्चीतला आबांचा निकाल, फक्त सुटाबुटात.

मेकॅनिक्सच्या पेपरात असं लिहिलं असतं तर शून्य मिळालं असतं. कड्यावरून पुढे गेलेली वस्तू पहिल्या क्षणापासूनच खाली वळायला लागते. पुढे जाणं आणि खाली जाणं एकदमच चालू असतं. आधी सरळ, मग थांबा, मग नाकासमोर खाली, असं निसर्गात होत नाही. पण माणसाच्या डोक्यात होतं, आणि फार जुन्या काळापासून होतं. १५६१ साली डॅनिएल सँटबेकच्या पुस्तकात तोफेच्या गोळ्याचा मार्ग काढलेला आहे: गोळा तिरका सरळ रेषेत वर जातो आणि एका बिंदूपासून उभा खाली येतो. गॅलिलिओने वक्र रेषेचं गणित मांडलं ते नंतर. म्हणजे ज्यावर युरोपातली विद्वान मंडळी एकेकाळी गंभीरपणे विश्वास ठेवून होती, ते कार्टूनने उचललं आणि हसण्यावारी नेलं.

हे सगळं कुणी आणि कसं रचलं, हे मला नोकरीला लागल्यावर वाचायला मिळालं. रोडरनर आणि कायोटीची पहिली फिल्म १९४९ ची. दिग्दर्शक चक जोन्स, कथा मायकेल मॉल्टीजची. ती टीव्हीसाठी नव्हतीच, थिएटरात मोठ्या सिनेमाआधी दाखवायला केलेली होती; टीव्हीवरच्या पोरांच्या वाट्याला ती मागाहून आली. जोन्सने लहानपणी मार्क ट्वेनचं 'रफिंग इट' वाचलं होतं. त्यात सदा उपाशी, हाडं वर आलेल्या कायोटीचं वर्णन आहे, ते त्याच्या मनात घर करून बसलं.

पण मला थांबवलं ते त्याने सांगितलेल्या एका हिशोबाने. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम्स. कायोटी कड्यावरून पडून दिसेनासा व्हायला १८ फ्रेम्स आणि त्यानंतर तळाशी आपटायला आणखी १४. जोन्सचं म्हणणं, १३ ला लोक हसत नाहीत, १५ लाही नाही. १४ च लागतात. एका फ्रेमचा फरक म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. आमच्या कारखान्यात मी मायक्रॉनमध्ये मापं घेतो, सहनमर्यादा काय असते ते मला माहीत आहे. हसू इतक्या बारीक मापावर उभं असेल असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

कायोटीसाठी जोन्सने काही नियमही सांगून ठेवले आहेत. रोडरनरने त्याला इजा करायची नाही. त्याचा खरा शत्रू गुरुत्वाकर्षण. त्याला लागण्यापेक्षा त्याची फजिती जास्त झाली पाहिजे. आणि बघणाऱ्याची सहानुभूती कायोटीकडेच राहिली पाहिजे. हा शेवटचा नियम वाचला आणि आबा आठवले. आम्ही पोरं कायोटीच्या पुढे असल्याच्या आनंदात हसत होतो. आबा त्याच्या बाजूने बसले होते. पडायच्या आधी तो जे आपल्याकडे बघतो, ते कुणासाठी असतं हे मला तेव्हा कळलं. तुम्हाला हे आधीच माहीत होतं ना, असं त्या नजरेत असतं. ती नजर नसती तर हा विनोद नुसता क्रूर झाला असता.

थिएटरातल्या कार्टूनला पैसा होता, टीव्हीच्या कार्टूनला नव्हता. १९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला आणि टॉम-जेरीचे जनक विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी टीव्हीसाठी स्वतःचा कारखाना काढला. चित्रं कमी, दिवस कमी, एपिसोड भरपूर. मग काटकसरीतून युक्त्या निघाल्या. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का? तर डोकं धडापासून वेगळं काढता यावं. धड तेच ठेवून नुसतं तोंड हलवायचं. पळणाऱ्यामागे तोच दिवा, तीच खिडकी, पुन्हा तोच दिवा. कुणी आपटायचं असेल तर त्याला चौकटीबाहेर पाठवायचं, धाडकन आवाज द्यायचा आणि चित्र थोडं हलवायचं. आपटणं बघणाऱ्याने मनातच रंगवायचं. आणि पळायच्या आधी जागच्या जागी गरागरा फिरणारे पाय, खाली ढोल बडवल्यासारखा आवाज. हा तर कड्यावरच्या थांब्याचा चुलतभाऊ. कायोटीला पडायला वेळ लागतो, फ्रेड फ्लिंटस्टोनला निघायला. पायांची तीच चार चित्रं पुन्हा पुन्हा फिरवून पैसेही वाचतात आणि पोरंही हसतात. गरिबीतून निघालेली युक्ती पुढे शैली म्हणून मिरवते, हे आपल्याला काही नवीन नाही.

लेक झाली आणि माझी टीव्हीसमोरची जागा बदलली. आता आबांच्या खुर्चीवर मी, आणि खाली सतरंजीवर ती. तिच्या पिढीचं दैवत डोरेमॉन. मूळचा जपानी, इथे अस्खलित हिंदी बोलणारा. सुरुवातीला मला वाटायचं, यात काय आहे? रोज तेच. जियान मारतो, नोबिता रडत घरी येतो, डोरेमॉन पोटाच्या खिशातून एखादं गॅजेट काढतो, नोबिता त्याचा अतिरेक करतो आणि तोंडावर आपटतो. पण एकदा तो पावाचा भाग तिच्याबरोबर नीट बसून पाहिला. पावाची स्लाइस पुस्तकाच्या पानावर दाबायची, अक्षरं उमटतात, ती खाल्ली की पान पाठ. उद्या परीक्षा. नोबिता स्लाइसमागून स्लाइस खातो, पोटाला तडस लागली तरी खातो. लेक तोंडावर हात दाबून हसायला लागली. अजून काहीच झालेलं नव्हतं. मी विचारलं, "का हसतेस?" म्हणाली, "बाबा, आता त्याचं पोट बिघडणार!" आणि बिघडलंच. सकाळी संडासात सगळा अभ्यास वाहून गेला.

म्हणजे कडा तोच. कायोटी हवेत सेकंदभर चालतो, नोबिता अख्खा भागभर. लेकीला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असतं की याच्या पायाखाली जमीन नाही, आणि तो खाली बघेल त्या क्षणाची ती वाट बघत असते. रोज तेच असणं हा त्यातला दोष नाही. तेच असल्याशिवाय तिला आधी कळणारच नाही.

'छोटा भीम'मध्ये हे काम कालियाकडे असतं. भीम लाडू खाणार आणि जिंकणार, यात हसण्यासारखं काही नाही. हसू येतं ते कालिया ढोलू-भोलूला घेऊन बेत रचायला लागला की. पण तिथे मला एक गोष्ट खटकते. कालियाच्या फजितीनंतर गोष्ट लगेच भीमाकडे वळते. कालियाला आपल्याकडे बघायला कुणी वेळ देत नाही.

हे सगळं टीव्हीने शोधून काढलं असंही नाही. लेकीला लहानपणी रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'ला नेलं होतं. चिंची चेटकीण आली की पोरं खुर्च्यांवर उभी राहून तिच्याशी भांडत होती. बालनाट्यात दुष्ट पात्र मागून आलं की अख्खं थिएटर "मागे बघ, मागे बघ" म्हणून ओरडतं, आणि नाटकातला शहाणा नट मुद्दाम चुकीच्या बाजूला बघतो. किती वेळ चुकीच्या बाजूला बघायचं, हा त्याचा १४ फ्रेम्सचा हिशोब. फरक इतकाच, की त्याला पोरांच्या आवाजावरून तो रोज नव्याने करावा लागतो.

हल्ली लेकीच्या हातात कधीमधी माझा मोबाइल असतो. त्यात जुन्या कार्टूनमधली फक्त पडापड एकापुढे एक जोडलेले व्हिडिओ येतात. धावणं कापलेलं, चाचपणारा पंजा कापलेला, आपल्याकडे बघणं कापलेलं. नुसतं धप, धप, धप. ती बघते, पण हसत नाही. अंगठ्याने पुढे सरकवते. हसायला आधी काही ठाऊक असावं लागतं, आणि इथे तिला ठाऊक होण्याइतकी सवडच कुणी ठेवलेली नसते.

म्हणून या सुट्टीत तिला वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फडफडवायची युक्ती दाखवली. तिने रेघोट्यांचा एक माणूस काढला, कड्यावरून धावत गेलेला आणि थेट खाली पडलेला. पानं फडफडवली. माणूस व्यवस्थित पडला. कुणी हसलं नाही, तीसुद्धा. मी म्हटलं, "मधे काही पानं त्याला तसाच उभा ठेव." "तेच तेच चित्र काय काढायचं?" म्हणून कुरकुरली, पण काढली. पुढच्या पानावर त्याची मान आपल्याकडे वळवली, आणि स्वतःच्या मनाने त्याचे डोळे थोडे मोठे केले. मग अंगठा सोडला. तिची आजी स्वयंपाकघरातून येऊन मागे उभी होती, ती आधी हसली.

तेव्हापासून घरात वाद चालू आहे. तिच्या आईचं म्हणणं, गणिताच्या वहीत गणितं असावीत. लेकीचं म्हणणं, शंभर पानी वहीत माणसाला नीट पडता येत नाही, दोनशे पानी आणा. मापांच्या धंद्यात असल्यामुळे मला लेकीचं पटतं. वही आणली आहे, आईला अजून सांगायचं आहे.